मिडीच्या तारेतून जाणारा ऑर्गन

शिक्षकांच्या एका कार्यशाळेत माझ्या हातून झालेल्या चुकीपासून सुरुवात करतो. विषय होता ध्वनी. डॉप्लर परिणाम शिकवताना दरवेळी रेल्वे इंजिनाच्या शिट्टीचे उदाहरण द्यायचे आणि फळ्यावर सूत्र लिहायचे, याचा मला कंटाळा आला होता. म्हणून एका मित्राचा कीबोर्ड उसना नेला. त्यातला 'रॉक ऑर्गन' हा आवाज निवडला, एक पट्टी दाबून ठेवली आणि डाव्या बाजूचे मॉड्युलेशनचे चाक पुढे ढकलले. सूर थरथरू लागला. "हा फिरत्या स्पीकरचा परिणाम आहे. स्पीकर तुमच्याकडे येतो तेव्हा सूर चढतो, दूर जातो तेव्हा उतरतो," असे मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. मागच्या बाकावरून एका बाईंनी विचारले, "सर, पण यात फिरतंय काय?"

"काहीच नाही, पण फिरल्याचा भास गणिताने निर्माण केला आहे," असे उत्तर मी दिले. घरी येऊन तोच सूर संगणकावर ध्वनिमुद्रित करून तपासला तेव्हा कळले, की हे उत्तरही चूक होते. फक्त वारंवारता वरखाली होत होती. आवाजाचा मोठेपणा जागचा हलत नव्हता आणि डाव्या-उजव्या कानांत येणारे ध्वनी अगदी एकसारखे होते. फिरणाऱ्या स्पीकरची ती नक्कलसुद्धा नव्हती, साधे व्हायब्रेटो होते. मी पाऊणशे शिक्षकांना एका परिणामाच्या नावाखाली दुसराच परिणाम ऐकवला होता आणि त्यातले कित्येकजण तो पुढे वर्गात सांगणार होते.

तेव्हापासून एक प्रश्न मनात राहिला. चाक ढकलण्याची कृती आणि ऑर्गनचा परिणाम यांच्यामध्ये जी व्यवस्था आहे, तिचे नाव मिडी. ही व्यवस्था ऑर्गनला न्याय देते का?

आपल्याकडे ऑर्गन म्हटले की संगीत नाटकाच्या साथीला असणारा, पायाने भाता हलवायचा ऑर्गन डोळ्यांसमोर येतो. सिंथेसायझरवरील 'ऑर्गन' मात्र बहुधा दुसऱ्याच यंत्राची नक्कल असतो. शिकागोच्या लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ साली बाजारात आणलेला हा विजेचा ऑर्गन. हॅमंड हे मूळचे विजेवर चालणाऱ्या घड्याळांचे कारखानदार. एका समकालिक मोटरवर त्यांनी दातेरी पोलादी चकत्यांची माळ फिरवली. प्रत्येक चकतीसमोर चुंबक आणि तारेचे वेटोळे. दात समोरून गेला की वेटोळ्यात विद्युत्‌दाब निर्माण होतो आणि दर सेकंदाला जितके दात जातील तितकी वारंवारता मिळते. ही मोटर विजेच्या वारंवारतेशी बांधलेली असते. अमेरिकेत ती ६० हर्ट्‌झ. तिथले यंत्र जसेच्या तसे आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर लावले, तर सगळे सूर ६:५ या प्रमाणात उतरतील, म्हणजे षड्‌ज ते कोमल गंधार एवढे अंतर. दहावीच्या मुलांना हे गणित जरूर घालावे.

या यंत्रात सुराचा रंग ठरवण्यासाठी नऊ दांड्या असतात. त्यांना ड्रॉबार म्हणतात. प्रत्येक दांडी ० ते ८ अशा नऊ स्थानांवर ओढता येते. एक दांडी मूळ सुराची, बाकीच्या खालच्या सप्तकाच्या आणि वरच्या हार्मोनिकांच्या, म्हणजे मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट, सहापट आणि आठपट सुरांच्या. सातपट नाही. वादक आपली आवडती जुळणी नऊ आकड्यांत लिहून ठेवतात. ८८८०००००० असे लिहिले की पहिल्या तीन दांड्या पूर्ण बाहेर, बाकीच्या आत. फूरिएचे तत्त्व बोटांनी हाताळायचे इतके सरळ साधन मला दुसरे माहीत नाही.

त्यात एक गंमत आहे. हॅमंडच्या यंत्रात पाचपट सुरासाठी वेगळी चकती नसते. तो वरच्या सप्तकातल्या एखाद्या पट्टीच्याच चकतीवरून घेतलेला असतो आणि त्या पट्ट्या समान अंतराच्या स्वरमालेत लावलेल्या असतात. ४४० हर्ट्‌झचा पाचपट खरा तर २२०० हर्ट्‌झ, पण यंत्र देते सुमारे २२१७. पेटीच्या चढ्या गंधारावरून आपल्याकडे केवढे वाद झाले, ते वाचकांना आठवत असतील. तोच चढा गंधार इथे सुराच्या रंगात जाऊन बसला आहे. ज्या सिंथेसायझरने बिनचूक पाचपट सूर मिसळला, त्याचा आवाज गणिताने बरोबर आणि ऑर्गन म्हणून चूक ठरतो.

आता फिरता स्पीकर. हॅमंडचा ऑर्गन १९४० च्या सुमारास डोनाल्ड लेस्ली या अमेरिकन गृहस्थांना सपाट वाटला, म्हणून त्यांनी हे खोके तयार केले. हॅमंड यांना ते आवडले नाही, वादकांना मात्र फार आवडले. सुमारे ८०० हर्ट्‌झच्या वरचा आवाज एका फिरत्या कर्ण्यातून बाहेर पडतो, खालचा आवाज खाली तोंड केलेल्या स्पीकरमधून एका फिरत्या ढोलात जातो. कर्ण्याला दोन तोंडे दिसतात, पण आवाज एकातूनच येतो. दुसरे केवळ तोल सांभाळण्यासाठी आहे. मंद गतीत कर्णा मिनिटाला ४०-५० फेरे घेतो, जलद गतीत सुमारे ४००.

कर्ण्याच्या तोंडाची त्रिज्या १८ सेंटिमीटर धरू. मिनिटाला ४०० फेरे म्हणजे सेकंदाला ६.६७. परीघ १.१३ मीटर. तोंडाची चाल झाली सेकंदाला साडेसात मीटर. ध्वनीचा वेग ३४५ मीटर धरला तर वारंवारतेत दोन्ही बाजूंना सुमारे २.२ टक्के फरक पडतो. लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये जवळजवळ ६ टक्क्यांचे अंतर असते, म्हणजे सूर एका पट्टीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक हलतो. मंद गतीत हाच फरक पाव टक्का. यावरून कुणी म्हणेल, की मग वारंवारता २.२ टक्के हलवली म्हणजे झाले. माझ्या उसन्या कीबोर्डने हेच केले होते.

पण कर्णा जेव्हा तुमच्याकडे तोंड करून असतो, तेव्हा तो तुमच्या दिशेने येतही नसतो आणि दूर जातही नसतो, आडवा जात असतो. त्या क्षणी आवाज सर्वांत मोठा आणि सूर मूळचाच. सूर सर्वांत चढा असतो तो त्याच्या पाव फेरा आधी. मोठेपणा आणि वारंवारता या दोन्ही एकाच तालात हलतात, पण एकमेकींपासून पाव आवर्तनाने सरकलेल्या. शिवाय खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसलेल्या माणसाला हीच घटना वेगळ्या वेळी ऐकू येते. खालच्या ढोलाची गती वेगळी, दिशाही उलटी. या सगळ्याची सरमिसळ खोक्यातून आणि भिंतींवरून परावर्तित होऊन कानावर येते. व्हायब्रेटोत यातले एकही अंग नाही.

तारेतून काय जाते?

मिडीची कल्पना डेव्ह स्मिथ यांनी १९८१ साली मांडली आणि जपानच्या इकुतारो काकेहाशी यांच्यासारख्या प्रतिस्पर्ध्यांनी ती उचलून धरली. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका व्यापारी प्रदर्शनात एका अमेरिकन आणि एका जपानी कंपनीचे सिंथेसायझर एका तारेने जोडले गेले. एकाची पट्टी दाबली की दुसरा वाजू लागला. ही व्यापारातली दुर्मीळ समजूतदार घटना, तिचे श्रेय दिलेच पाहिजे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला करार आजही चालू आहे.

तारेतून ध्वनी जात नाही, आकडे जातात. दर सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे दहा लाखाचा बत्तिसावा भाग. आधी आणि नंतर एकेक खुणेचा बिट धरून एका बाइटला १० बिट लागतात, म्हणजे ३२० मायक्रोसेकंद. बाइटचा पहिला बिट १ असेल तर ती आज्ञा, ० असेल तर ती माहिती. माहितीसाठी सातच बिट उरतात, म्हणून मिडीतले सारे आकडे ० ते १२७ च्या दरम्यान असतात. मुलांना हे १२७ चे कोडे नेहमी पडते, त्याचा उलगडा इतका सोपा आहे.

चाक ढकलले की तीन बाइट जातात, उदाहरणार्थ १७६, १, ६४. पहिला म्हणतो, 'पहिल्या वाहिनीवरील नियंत्रण बदला'. दुसरा नियंत्रणाचा क्रमांक, तिसरा त्याचे मूल्य. क्रमांक १ म्हणजे मॉड्युलेशन, ७ म्हणजे आवाजाची पातळी, ११ म्हणजे वाजवतानाचा चढउतार, ६४ म्हणजे सूर लांबवणारे पायपट्टीचे बटण. हॅमंडची पायपट्टी किंवा आपल्या पेटीचा भाता यांचे काम ११ व्या क्रमांकाने बऱ्यापैकी साधते.

मिडीवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की १२८ पायऱ्या फार कमी आहेत आणि वेग अपुरा आहे. व्हायोलिनच्या बाबतीत तो मला मान्य आहे, ऑर्गनच्या बाबतीत नाही. ड्रॉबारला मुळात नऊच स्थाने आहेत, तिथे १२८ पायऱ्या चैनच म्हणायची. उलट अडचण या चैनीचीच होते. स्थान गुणिले १६ असा सोपा नियम लावला तर ८ × १६ = १२८, आणि हा आकडा सात बिटांत मावत नाही. शेवटचे स्थान १२७ मानून तडजोड करावी लागते. नवाही दांड्यांच्या जागी गुळगुळीत सरकपट्ट्या बसवून त्या एकदम टोकापर्यंत ओढल्या आणि प्रत्येकीची प्रत्येक पायरी तारेतून पाठवली, तर ११४३ संदेश होतात. एका संदेशाला ०.९६ मिलिसेकंद या हिशेबाने तार एक सेकंदाहून अधिक काळ अडकून पडेल. नऊ आकडे एकदाच पाठवले असते तर नऊ मिलिसेकंदही लागले नसते.

याहून मोठा घोटाळा मूल्याच्या अर्थाचा. हॅमंडच्या दांडीचे प्रत्येक स्थान आधीच्यापेक्षा सुमारे ३ डेसिबलने मोठे असते. म्हणजे ८ वरून ४ वर आणले की आयाम निम्मा होत नाही, एकचतुर्थांश होतो. ज्या यंत्राने मिडीचे ६४ हे मूल्य 'निम्मे' असे वाचले, त्याचा सुराचा रंग मूळ यंत्राशी जुळणार नाही. तारेतून गेलेला आकडा दोन्हीकडे तोच, अर्थ वेगळा.

आणि क्रमांकाचे काय? १९८३ च्या करारात ड्रॉबारसाठी राखून ठेवलेला क्रमांक नाही. फिरत्या स्पीकरच्या गतीसाठीही नाही. १९९१ साली 'जनरल मिडी' आले, तेव्हा १२८ आवाजांची यादी सर्वांनी मान्य केली. त्यात १७ ते २४ हे ऑर्गनचे घराणे: ड्रॉबार ऑर्गन, आघाती ऑर्गन, रॉक ऑर्गन, चर्चमधला ऑर्गन, आणि २१ वा रीड ऑर्गन, म्हणजे आपल्या पेटीचा नातेवाईक. ड्रॉबार ऑर्गनला नाव मिळाले, त्याच्या ड्रॉबारना मात्र जागा मिळाली नाही. चालकाचे आसन आहे आणि सुकाणू नाही, असा हा प्रकार. परिणामी प्रत्येक कारखानदाराने आपापले क्रमांक निवडले. फिरत्या स्पीकरची गती कुणी मॉड्युलेशनच्या चाकाला बांधली, कुणी एखाद्या मोकळ्या क्रमांकाला, आणि स्वस्त कीबोर्डांनी चाकाला नेहमीचे व्हायब्रेटोच ठेवले. एका कीबोर्डवर १७६, १, १२७ म्हणजे 'कर्णा जोरात फिरव', दुसऱ्यावर 'सूर थरथरव'. माझी फजिती या फटीत झाली.

दोष तारेचा की आपला?

इथे मिडीला दोषी ठरवून मोकळे होता येईल. तसे मी बराच काळ मानतही होतो. आता माझे मत बदलले आहे.

लेस्लीच्या खोक्याला वादक काय सांगतो, ते पाहा. त्याच्या हाताशी असते एक बटण: मंद किंवा जलद. काही वेळा थांबा. बस्स. बटण दाबल्यावर हलका कर्णा साधारण एका सेकंदात नव्या गतीला पोहोचतो, जड ढोलाला चार-पाच सेकंद लागतात. या काळात दोघांच्या गती एकमेकींपासून दूर जातात, पुन्हा जवळ येतात आणि तोच भाग ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणतो. वादक ओळीच्या शेवटी नेमका तिथे बटण दाबतो. हे सौंदर्य बटणात नाही, जडत्वात आहे. म्हणजे खऱ्या यंत्रातसुद्धा तारेतून फक्त इच्छा जाते आणि घटना खोक्यात घडते.

मग मिडीने वेगळे काय करावे? 'जलद' एवढी एक बिटाची आज्ञा तिच्या तीन बाइटांत सहज मावते. कर्ण्याचे आणि ढोलाचे वस्तुमान, पट्ट्याचे घर्षण, पाव आवर्तनाचा सरकाव, हे सगळे ऐकणाऱ्या बाजूच्या यंत्राने सांभाळायचे. गतीला चाक जोडून तिच्या १२८ पायऱ्या केल्या, की उलट बिघडते, कारण मग कर्णा हाताबरोबर पळू लागतो आणि जडत्व नाहीसे होते. बारकाई वाढवून परिणाम खोटा होतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

ऑर्गन हे वाद्य मुळातच असे आहे. नळ्यांच्या मोठ्या ऑर्गनमध्ये पट्टी म्हणजे झडप उघडण्याची आज्ञा. जोरात दाबा की हळू, नळीला फरक पडत नाही. एकोणिसाव्या शतकात पट्टी आणि झडप यांच्यामध्ये विजेची तार आली आणि वादक नळ्यांपासून दूर बसू लागला. त्या अर्थाने मिडीची कल्पना ऑर्गनवाल्यांना नवी नव्हती. तिची घडण मात्र पियानोकडे पाहून झाली. पट्टी किती जोरात दाबली हे प्रत्येक सुराबरोबर पाठवलेच पाहिजे, हा नियम पियानोचा. ऑर्गनला हा आकडा निरर्थक आहे, आणि त्याची किंमत मात्र मोजावी लागते. हा जोर मोजण्यासाठी पट्टीखाली दोन स्पर्शबिंदू असतात आणि पट्टी एकापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचायला लागलेला वेळ मोजतात. म्हणून पट्टी जवळजवळ तळाला गेल्यावरच संदेश निघतो. हॅमंडचा सूर पट्टी थोडी खाली जाताच उमटतो. तळहाताने पट्ट्या घासत नेण्याची ऑर्गनवादकांची लकब साध्या कीबोर्डवर अडखळते ती यामुळे. मिडीवरची माझी खरी तक्रार ही आहे, आणि आकड्यांच्या अर्थाबद्दल करार न करण्याची.

दुसऱ्या तक्रारीचे निवारण उशिरा का होईना सुरू झाले आहे. जानेवारी २०२० मध्ये मिडी २.० जाहीर झाले. त्यात नियंत्रणाची मूल्ये ३२ बिटांची झाली, याचीच चर्चा अधिक झाली. ऑर्गनसाठी महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. दोन यंत्रे आता एकमेकांशी दुतर्फा बोलून 'मी ड्रॉबार ऑर्गन आहे' किंवा 'मी फिरता स्पीकर आहे' असे सांगू शकतात आणि त्यानंतर आकड्यांचे अर्थ दोघांना ठाऊक असतात. या दोन्हींसाठी स्वतंत्र मसुदेही तयार झाले आहेत. शाळांमध्ये किंवा विद्यार्थ्यांच्या घरी जे कीबोर्ड आहेत, त्यांतले बहुतेक जुन्या कराराचेच असणार, तेव्हा वर्गात चाकावर विसंबू नये. कीबोर्ड संगणकाला जोडून, येणारे संदेश आकड्यांत दाखवणारा एखादा फुकट प्रोग्रॅम लावावा, मुलांना १७६, १, ६४ वाचायला लावावे, आणि त्याच वेळी येणारा आवाज मुद्रित करून त्याचा मोठेपणा खरोखर हलतो का, हे तपासून घ्यावे. चांगल्या नकलेत डावा आणि उजवा आलेख एकमेकांच्या पुढेमागे हलताना दिसतो.

पुढच्या कार्यशाळेला मी कीबोर्ड नेला तो याच कामासाठी. डॉप्लरसाठी एक छोटा बझर आणि बॅटरी स्पंजच्या चेंडूत खुपसून मीटरभर मजबूत दोरीला घट्ट बांधली होती. सेकंदाला दोन फेरे दिले की चेंडूची चाल साडेबारा मीटर होते, म्हणजे साडेतीन टक्क्यांहून थोडा अधिक फरक, अर्ध्या पट्टीपेक्षा जास्त. त्या बाई याही वेळी आल्या होत्या. मोकळ्या पटांगणात सगळ्यांना लांब उभे करून त्यांनी स्वतःच दोरी फिरवायला घेतली. भोवतालचे शिक्षक "चढला, उतरला" म्हणून हात वरखाली करत होते. बाई मध्यभागी दोरी फिरवत उभ्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला तर एकच सूर ऐकू येतोय."